ओट्याखालचं पाणी: गळती शोधू, थांबवू आणि सांडपाण्याला वाट देऊ

(संघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी सिंक, पाइप आणि पाना समोर ठेवून ही माहिती दिली. सभेला येऊ न शकलेल्या गटांच्या मागणीवरून त्यांचं बोलणं इथे छापत आहोत. सभेत विचारलेले प्रश्न शेवटी दिले आहेत.)



विषयपत्रिकेवर आजचा विषय वाचून काही जणी हसल्या, ते मी पाहिलं. बचत, कर्ज, परतफेड, लेखापरीक्षण या विषयांच्या रांगेत "सिंकखालची गळती" कुठून आली? तर ती तुमच्याच कर्जाच्या अर्जांतून आली. गटांच्या बैठकांना बसते तेव्हा अंतर्गत कर्जाच्या मागणीत "घरदुरुस्ती" हे कारण वारंवार ऐकू येतं. थोडं खोलात विचारलं की कळतं, स्वयंपाकघराची भिंत ओली झाली, ओट्याखालचं लाकडी कपाट फुगलं, फरशी खालून खचली, डब्यातल्या डाळीला बुरशी आली. अजून विचारलं की उत्तर येतं, "ताई, ओट्याखाली पाणी येऊन राहिलं, पण कुठून येते तेच समजत नाही." आणि त्याच्या पाठोपाठ, "यांना सांगितलं, ते म्हणतात पाहून घेऊ."

हे "पाहून घेऊ" सहा महिने चालतं. तोवर वीस रुपयांच्या रबराचं काम पाच हजारांच्या कर्जावर गेलेलं असतं. कर्ज कोण फेडतं? तुम्ही. म्हणून आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, ही गळती शोधणं आणि बहुतेक वेळा थांबवणं तुमच्या हातचं काम आहे. दोन, ओट्याखालची जागा कोरडी झाली म्हणून काम संपत नाही. ते पाणी घराबाहेर नीट जिरलं, तेव्हाच ते पूर्ण होतं.

पाणी आत आलं, बाहेर जायची वाट राहून गेली

आपल्याकडे भांडी घासायची जागा पूर्वी मागच्या अंगणात होती. पाणी विहिरीवरून नाहीतर हापशीवरून आणायचं आणि दगडावर बसून भांडी घासायची. वाहून जाणारं पाणी थोडंच असायचं आणि ते आळूच्या नाहीतर केळीच्या बुंध्याशी जायचं. आता तसं राहिलं नाही. 15 ऑगस्ट 2019 ला जल जीवन मिशन जाहीर झालं. माणशी दररोज 55 लिटर पाणी घरातल्या नळाला द्यायचं, असं त्याचं माप आहे. घरकुलं झाली, घरात ओटा आला, ओट्यावर स्टीलचं सिंक आलं. उभ्याने भांडी घासता येतात, कंबर वाचते. ही चांगलीच गोष्ट आहे.

आता हिशोब करा. पाच माणसांच्या घरात 55 लिटरप्रमाणे रोज 275 लिटर पाणी येतं. त्यातलं दोन तृतीयांश तरी वापरून खराब होऊन बाहेर पडतं, म्हणजे 180 लिटरच्या आसपास. वीस लिटरच्या नऊ कॅन झाल्या. त्यातला मोठा वाटा सिंकमधून जातो. आत येणाऱ्या पाण्यासाठी मीटर, कॉक, टाकी सगळ्याचा विचार झाला. बाहेर जाणाऱ्या पाण्यासाठी मात्र मिस्त्री भिंतीला एक भोक पाडून गेला, आणि त्या भोकात पाइप नुसता खुपसलेला आहे. गळतीचं मूळ बहुतेक घरांत तिथेच आहे.

आधी ओळखा: कोणतं पाणी गळतं?

सिंकखाली दोन प्रकारचं पाणी असतं. एक नळाकडे येणारं चांगलं पाणी, दुसरं भांडी धुऊन जाणारं खरकटं पाणी. दोघांचे पाइप वेगळे आणि दोष वेगळे. म्हणून आधी हे ठरवायचं.

रात्री झोपताना ओट्याखालची जागा कोरड्या फडक्याने पुसा आणि तिथे जुना पेपर अंथरा. रात्रभर सिंक वापरू नका. सकाळी पेपर ओला असेल तर येणाऱ्या पाण्याची गळती आहे. पेपर कोरडा राहिला आणि भांडी घासल्यावर ओला झाला, तर जाणाऱ्या पाण्याची आहे. एक लक्षात ठेवा, ज्या गावात नळाला ठराविक वेळीच पाणी येतं आणि घरावर टाकी नाही, तिथे ही परीक्षा नळ सुटलेला असतानाच करावी लागते.

येणारं पाणी गळत असेल तर त्या थेंबाखाली वाटी ठेवा आणि एका तासात किती जमा झालं ते मोजा. एक पेला, म्हणजे साधारण 200 मिलिलिटर भरलं, तर दिवसाला जवळपास पाच लिटर, महिन्याला दीडशे लिटर पाणी कपाटाखाली जातं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला याची किंमत वेगळी सांगायला नको.

सिंकखालचे पाच सांधे

आता जाणाऱ्या पाण्याकडे येऊ. हे सिंक मी टेबलावर उलटं ठेवलं आहे, सगळ्यांनी पाहून घ्या. पाणी मधल्या पाइपातून क्वचितच गळतं. ते गळतं सांध्यातून, आणि सांधे मोजून पाच आहेत.

पहिला सांधा सिंकच्या भोकाशी आहे. वरून जी स्टीलची जाळी दिसते तिला दुकानात वेस्ट कपलिंग म्हणतात. तिच्याखाली रबरी वायसर असतो आणि सिंकच्या खालच्या बाजूने मोठा नट आवळलेला असतो. वायसर कडक झाला, चिरला किंवा तिरपा बसला की पाणी जाळीच्या कडेने खाली उतरतं.

दुसरा सांधा कपलिंग आणि पाइपाच्या मधला. इथे चाकी फिरवून पाइप बसवतात. आतमध्ये अजून एक छोटा वायसर असतो. पाइप साफ करून परत बसवताना हा वायसर बाहेर पडून हरवतो, आणि मग चाकी कितीही आवळली तरी थेंब थांबत नाही.

तिसरा सांधा ट्रॅपचा. काही घरांत पाइपाला हत्तीच्या सोंडेसारखा बाक दिलेला असतो, काही ठिकाणी बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप असतो. त्यात थोडं पाणी कायम साचून राहतं. काही जणी विचारतात, हे पाणी कशाला साचू द्यायचं? तर ते पाणी म्हणजे दार आहे. नालीतली दुर्गंधी, झुरळं आणि डास त्या पाण्यामुळे घरात येऊ शकत नाहीत. पाइप सरळ केला तर पाणी लवकर जातं, पण नालीचा वास थेट चुलीपाशी येतो.

चौथा सांधा पाइप जिथे जमिनीत किंवा भिंतीत शिरतो तिथला. सिंकचा पाइप सव्वा नाहीतर दीड इंची आणि भिंतीतला पाइप दोन-तीन इंची. मधली फट उघडी. पाणी जोरात आलं की त्या फटीतून परत वर येतं. रात्री तिथूनच उंदीर आणि झुरळं येतात.

पाचवा सांधा भिंतीच्या बाहेरचा. तो कोणी पाहतच नाही. पाइप भिंतीतून जेमतेम बाहेर डोकावतो आणि पाणी नालीत न पडता भिंतीवरून ओघळून पायाशी मुरतं. आतली भिंत ओली होते आणि आपण सिंकला दोष देत बसतो.

शोधायचं कसं

कपाटातलं सगळं सामान बाहेर काढा. तिथे जवळपास मोटारीचा, मिक्सरचा किंवा पाण्याच्या फिल्टरचा प्लग असेल तर आधी मेन स्विच बंद करा. ओल्या जागेत हात घालण्याआधी ही गोष्ट चुकवू नका. सगळे सांधे कोरड्या फडक्याने पुसा. मग सिंकच्या भोकावर बुच लावा. बुच नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत ओलं फडकं गुंडाळून घट्ट बसवा. सिंक पाऊण भरा आणि पाच मिनिटं थांबा. यावेळीच खाली थेंब दिसला तर दोष पहिल्या सांध्यात आहे.

थेंब नसेल तर बुच काढा आणि सगळं पाणी एकदम सोडा. पाणी जात असताना दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या सांध्याला कोरड्या पेपरचा तुकडा एकेक करून लावा. जो तुकडा आधी ओला होईल तो सांधा दोषी. नेहमी वरून खाली तपासा. पाणी पाइपाच्या बाहेरून ओघळत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या सांध्यावरून टपकतं. त्यामुळे जिथे टपकतं तिथेच गळतं, असं समजू नका.

अजून एक खूण आहे. आपल्याकडे बऱ्याच गावांचं बोअरचं पाणी जड आहे. गळती जुनी असेल तर त्या सांध्यावर पांढरा थर जमलेला दिसतो. मोबाइलची बॅटरी लावून तो शोधा.

दुरुस्ती: काय करावं, काय करू नये

सांधा सापडला की खाली बादली ठेवा आणि मगच चाकी फिरवा. बॉटल ट्रॅपचा खालचा कप उघडताना तर बादली पाहिजेच, आतलं घाण पाणी एकदम येतं. वायसर काढून पाहा. चपटा झालेला, तडा गेलेला, कडक झालेला असेल तर बदला. जुना वायसर दुकानात सोबत न्या, म्हणजे मापाची चूक होत नाही. सव्वा इंची आणि दीड इंची वायसर दिसायला सारखे असतात, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

नवा वायसर सरळ बसवा आणि प्लास्टिकची चाकी हातानेच आवळा. हाताने आवळून थांबल्यावर फार तर पाव फेरा अजून द्या. पान्याने जोर लावला की प्लास्टिकला तडा जातो आणि साधं काम महाग होतं. पाना लागतो तो कपलिंगच्या नटाला आणि पितळी, लोखंडी जोडांना.

पांढऱ्या टेफ्लॉन टेपचं काय? ती टेप नळाच्या आट्यांसाठी आहे, म्हणजे येणाऱ्या पाण्याच्या जोडाला. आटे ज्या बाजूला आवळतात त्याच बाजूने ती गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर आवळताना निघून येते. सिंकच्या खालच्या चाकीत पाणी वायसर अडवतो. तिथे टेपचे दहा वेढे दिले तरी उपयोग होत नाही.

चौथ्या सांध्यासाठी रबरी ॲडॅप्टर मिळतो. तो भिंतीतल्या पाइपात बसतो आणि सिंकचा पाइप त्याच्या मधल्या भोकात घट्ट जातो. तो मिळाला नाही तर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी पाइपाला गुंडाळून फट बंद करता येते, पण ती तात्पुरती. सिमेंटने पाइप चिणून टाकू नका. उद्या तुंबलं तर फोडावं लागेल. एम-सीलचंही तसंच. जिथे पुन्हा उघडायचं काम पडणार तिथे एम-सील लावू नये, आणि ओल्या जागेवर ते धरतही नाही.

पाइप खराब होतो कशाने?

दोन कारणं आपल्या रोजच्या स्वयंपाकातली आहेत. भाताचा उकळता मांड सरळ सिंकमध्ये ओततो, तेव्हा तो शंभर अंशांच्या जवळ असतो. साधा पीव्हीसी पाइप साठ अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो. पातळ लवचीक पाइप असेल तर तो वाकतो, चपटा होतो, सांध्यातून निसटतो. मांड थंड होऊ द्या किंवा सोबत नळ सोडा. खरं म्हणजे मांड ओतायचाच कशाला, गाई-म्हशीला चालतो.

दुसरं कारण तेल. आपल्या नागपूरच्या सावजी रश्श्याची तर्री सगळ्यांना आवडते, पण पाइपाला ती सोसत नाही. गरम असताना तेल वाहून जातं आणि पुढे थंड पडलं की पाइपाच्या आतून चिकटतं. त्यावर भाताची शितं, चहापत्ती, भांड्यांची राख बसते. पाइप आतून अरुंद झाला की पाणी तुंबतं, आणि तुंबलेलं पाणी सांध्यावर दाब देतं. म्हणजे गळती सांध्यात दिसते, पण कारण तुंबण्यात असतं. कढई घासायच्या आधी कागदाने पुसून घ्या. जाळी कायम लावून ठेवा. तुंबल्यावर ॲसिड ओतू नका, त्याने हात आणि डोळे जातात, रबर खराब होतं. ट्रॅप उघडून हाताने साफ करणं हाच खरा उपाय.

ज्या गटांची खानावळ आहे किंवा जे शाळेच्या पोषण आहाराचं काम घेतात, त्यांनी सिंकनंतर बाहेर झाकणाची छोटी टाकी बांधून घ्यावी. तेल वर तरंगतं, खरकटं खाली बसतं आणि मधलं पाणी पुढे जातं. आठवड्यातून एकदा ती साफ करायची.

मशीनच्या पाइपाचा एकच नियम

हिंगणा, वाडी, कामठीकडच्या कितीतरी बहिणी नागपूर शहरात घरकामाला जातात. तिथे काही घरांत आता भांडी धुण्याचं मशीन, डिशवॉशर आहे. मशीनखाली पाणी आलं की आधी विचारणा कामवाल्या ताईला होते, "काय केलंस?" म्हणून याची माहिती तुम्हाला असली पाहिजे.

मशीनच्या आत पंप असतो. तो घाण पाणी जोराने बाहेर फेकतो. त्याचा पाइप बहुतेक ठिकाणी सिंकच्या ट्रॅपला जोडलेला असतो. तो जमिनीवरून सरळ जोडायचा नसतो. आधी ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत उंच न्यायचा, तिथे क्लिपने बांधायचा आणि मग खाली आणून जोडायचा. मध्ये ही चढण नसेल तर सिंकचं खरकटं पाणी उलट मशीनमध्ये उतरतं आणि धुतलेल्या भांड्यांना वास येतो. जोडावर लोखंडी क्लिप घट्ट हवी, कारण पंपाच्या धक्क्याने नुसता खुपसलेला पाइप निसटतो. नव्या ट्रॅपच्या त्या जोडाचं तोंड कंपनीतून बंद आलेलं असतं, ते उघडायचं राहिलं तर पाणी जाणारच नाही. आणि सिंकचा पाइप तेलाने अर्धा बुजलेला असेल तर मशीनने फेकलेलं पाणी सिंकमध्ये वर येतं. तेव्हा दोष मशीनचा नसतो, घासणाऱ्या बाईचाही नसतो.

गावात डिशवॉशर नसेल, पण कपडे धुण्याचं मशीन आलं आहे. त्यालाही हाच विचार लावा. पंपाने पाणी फेकणारं मशीन असेल तर पाइप उंच नेऊन सोडायचा. उताराने पाणी सोडणारं, म्हणजे ज्याचा पाइप खाली टाकल्यावर पाणी जातं, ते असेल तर पाइप वर उचलायचा नाही. कोणतं आहे ते मशीनसोबतच्या पुस्तकात चित्रासह दिलेलं असतं.

हे भांडी धुण्याचं मशीन चालतं करून बाजारात आणलं ते एका बाईने. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जोसेफिन कॉक्रन. नवरा 1883 मध्ये वारला, मागे कर्ज राहिलं. त्यांनी घरामागच्या जागेत एका मेकॅनिकला सोबत घेऊन मशीन बनवलं आणि 28 डिसेंबर 1886 ला स्वतःच्या नावाने पेटंट घेतलं. 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं. त्याच वर्षी त्याच शहरात स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं, ते आपण शाळेत शिकलो. हे मात्र शिकलो नाही. कर्जात असलेल्या एका विधवा बाईने पाइप, पंप आणि जाळीचं गणित सोडवलं आणि हॉटेलांना मशीन विकून धंदा उभा केला. तेव्हा "हे बायकांचं काम नाही" असं कोणी म्हटलं तर हे सांगा.

भिंतीच्या बाहेर

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओट्याखाली कोरडं झालं, पण ते पाणी गेलं कुठे? शेजारणीच्या दारात? गावातली बरीच भांडणं सांडपाण्यावरून होतात, हे तंटामुक्तीच्या बैठकांना बसलेल्या तायांना चांगलं माहीत आहे.

भांडणापेक्षा मोठी गोष्ट आजाराची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या पट्ट्यात हत्तीपाय अजून गेलेला नाही. हत्तीपाय पसरवणारा क्युलेक्स डास घाण, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आरोग्य खातं दरवर्षी घरोघरी गोळ्या देतं. तीन औषधांची मोहीम देशात सुरू झाली तेव्हा अगदी पहिल्या काही जिल्ह्यांत, 2019 मध्ये, आपला नागपूर जिल्हा होता. गोळ्या समोर उभं राहून खाल्ल्याच पाहिजेत. पण सिंकचं पाणी घरामागे डबकं करून ठेवलं, तर एका हाताने गोळी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने डास पाळायचे, असं होतं. सुजलेला पाय घेऊन रोवणीला उभी राहणारी बाई तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली आहे. गेलेली चप्पल त्या पायात पुन्हा येत नाही.

उपाय आपल्या राज्यातच झालेला आहे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले. साधारण चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा. मध्ये खालच्या बाजूने भोकं पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगड-गिट्टी. पाणी टाकीत पडतं, गाळ खाली बसतो आणि पाणी भोकांतून जमिनीत मुरतं. गावातल्या उघड्या नाल्यांची गरज राहिली नाही, डास कमी झाले. पुढे नांदेड जिल्हा परिषदेने रोजगार हमीतून हे खड्डे कितीतरी गावांत नेले. लोक त्याला मॅजिक पिट म्हणतात, पण त्यात जादू काही नाही, गिट्टी आहे.

आपल्याकडे एक अडचण आहे, काळी माती. पावसाळ्यात काळी माती फुगते आणि पाणी मुरू देत नाही. अशा जागी नुसता खड्डा तुडुंब भरतो. तिथे पाणी आधी छोट्या टाकीतून गाळून परसबागेत सोडलेलं बरं. केळी, कर्दळ, आळू ही झाडं ते पाणी पितात. एकाच जागी डबकं होऊ नये म्हणून दर दोन-तीन दिवसांनी वाफा बदला. मुरमाड जागा असेल तर शोषखड्डा उत्तम. कुठेही करा, पिण्याच्या विहिरीपासून आणि बोअरपासून निदान 10 मीटर दूर ठेवा. संडासाचं पाणी त्यात सोडायचं नाही.

यासाठी पैशाची सोय आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे 2020 पासून, पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्याच्या कामासाठी माणशी 280 रुपयांपर्यंतची तरतूद ठेवली गेली. दीड हजार वस्तीच्या गावाला हा आकडा 4 लाख 20 हजारांपर्यंत जातो. आपल्या गावाचा आराखडा झाला का, पैसे आले का, कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारा. ग्रामसेवकांना तोंडी विचारण्यापेक्षा ग्रामसंघाच्या लेटरहेडवर लिहून द्या आणि पोच घ्या.

सभेत आलेले प्रश्न

"ताई, आम्ही पाना धरला तर घरचे हसतात."
हसू द्या. पाहणं तर सुरू करा. पेपर लावून सांधा शोधून ठेवलात आणि मग घरच्यांना किंवा प्लंबरला सांगितलंत, "दुसऱ्या सांध्याचा वायसर गेला आहे," तरी निम्मं काम झालं. दोष माहीत असलेल्या घरात सगळा पाइप बदलायचं बिल सहज निघत नाही.

"प्लंबरला बोलवायचंच कधी?"
भिंतीच्या आतला पाइप फुटला असेल, वायसर बदलूनही दोन दिवसांत पुन्हा गळत असेल, किंवा सिंकच खालून सडलं असेल तेव्हा. काम झाल्यावर त्याच्यासमोर सिंक भरून एकदम सोडा, खाली पेपर लावून पाहा, मगच पैसे द्या.

"आमच्या पोरींना हे काम शिकता येईल का?"
हो. जल जीवन मिशनमध्ये नल जल मित्र नावाचं प्रशिक्षण आहे, त्यात नळजोडणी आणि दुरुस्ती शिकवतात. गावातून नावं पाठवताना ती पोरांचीच जातात. ठराव तुमच्या ग्रामसंघाचा असेल तर पोरींची नावंही जातील. ज्या बाईच्या स्वयंपाकघरात काम आहे, तिला घरात एकटी असताना बाई कारागीर आलेली आवडते, हेही लक्षात घ्या. गावातच रोजगार आहे हा.

सभेने काय ठरवलं

प्रत्येक ग्रामसंघाने एक पेटी ठेवायची. त्यात एक पाना, एक पेचकस, सव्वा आणि दीड इंची वायसर प्रत्येकी दहा, टेफ्लॉन टेप, दोन क्लिपा आणि रबरी हातमोजे. पेटी कोणी नेली, कधी परत केली, याची नोंद वहीत करायची. वायसर वापरला तर त्याचे पैसे पेटीत टाकायचे.

पुढच्या महिन्याच्या बैठकीपर्यंत प्रत्येक सदस्येने आपल्या घरी पेपरची परीक्षा करून घ्यायची आणि पाचही सांधे पाहायचे. गटाच्या सचिवांनी किती घरांत गळती सापडली, किती ठिकाणी घरच्या घरी थांबली आणि किती घरांचं पाणी उघड्यावर जातं, हे तीन आकडे लिहून आणायचे. तिसरा आकडा सगळ्या गावांचा एकत्र करून तो येत्या ग्रामसभेत मांडायचा आहे. त्या दिवशी प्रत्येक गटातून निदान पाच जणींनी ग्रामसभेला हजर राहायचं आहे.

आता चहा येतोय. कप घासायला ज्या जातील त्यांनी पाणी सोडताना खाली वाकून एकदा सांधे पाहून घ्या.